‘लोखंडी पूल’ की ‘बिडाचा पूल’?

प्रश्न असा आहे: इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या कोलब्रुकडेल या गावाविषयी मराठीत लिहायचं आहे. तिथल्या १७७९ सालच्या प्रसिद्ध पुलाला ‘पोलादी पूल’ म्हणावं की ‘लोखंडी पूल’? आणि गावाच्या नावातलं ‘कोल’ म्हणजे कोळसाच ना?

‘पोलादी’ तर सरळ चूक आहे. पूल बांधण्याइतकं पोलाद स्वस्तात मिळू लागलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ‘लोखंडी’ चुकीचं नाही, पण त्यात त्या गावाचं सगळं वैशिष्ट्य हरवतं. पूल साच्यात ओतलेल्या लोखंडाचा आहे, आणि आपल्याकडे त्या धातूला नेमका शब्द आहे: बीड. मी ‘बिडाचा पूल’ म्हणेन.

मराठी स्वयंपाकघराला हा फरक फार पूर्वीपासून कळतो. घावनांना, आंबोळ्यांना बिडाचा तवा हवा, पोळीला लोखंडी. लोखंडी तवा हातातून पडला तर फार तर पोचा येतो. बिडाचा पडला तर तडकतो. लोखंड ठोकून घडवता येतं, बीड ठोकता येत नाही, वितळवून साच्यात ओतावंच लागतं. बिडात कार्बनचं प्रमाण साधारण दोन ते चार टक्के असतं, त्यामुळे ते कडक पण ठिसूळ होतं. पुस्तकात ‘ओतीव लोखंड’ असा शब्द आढळतो. तो चांगलाच आहे, पण घरातला शब्द हाताशी असताना मला तो दुय्यम वाटतो.

आता या गावाची गोष्ट मुळात भांड्यांपासूनच सुरू होते. अब्राहम डार्बी हा क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा माणूस ब्रिस्टलमध्ये पितळेच्या धंद्यात होता. पितळेची भांडी महाग. तशीच भांडी वाळूच्या साच्यात बिडाची ओतायची रीत त्याने बसवली आणि १७०७ साली तिचं पेटंट घेतलं. मग भट्टीच्या शोधात तो कोलब्रुकडेलला आला. सेव्हर्न नदीच्या घळीला मिळणारं हे लहानसं खोरं. दगडी कोळसा, लोहखनिज, चुनखडी सगळं जवळपास. ओढ्याचं पाणी अडवून भात्यांची चाकं फिरवता येत. आणि तयार माल सेव्हर्नमधून होडीने ब्रिस्टलपर्यंत. इतक्या गोष्टी एका ठिकाणी जुळून आल्या, म्हणून ही जागा.

तोवर भट्टीत लोणारी कोळसा, म्हणजे लाकडाचा कोळसा, जाळत. दगडी कोळसा तसाच घातला तर त्यातलं गंधक लोखंडात उतरून ते बिघडे. डार्बीने १७०९ साली दगडी कोळशाचा आधी कोक करून त्यावर खनिज वितळवलं. कोळसा बंदिस्त तापवून त्यातले नको ते घटक उडवून लावले की उरतो तो कोक. (‘कोक’ला वेगळा मराठी शब्द शोधत बसू नये, तो रुळला आहे.) लोणारी कोळसा वरच्या भाराने चुरतो, कोक टिकतो, त्यामुळे पुढे भट्ट्या उंच बांधता आल्या आणि जंगलावरचं अवलंबित्व सुटलं.

त्याच घराण्यातल्या तिसऱ्या अब्राहम डार्बीने सेव्हर्नवर पूल उभारला. आराखडा टॉमस प्रिचर्डचा, पण तो १७७७ साली वारला. कमान १७७९ साली उभी राहिली आणि १७८१च्या पहिल्या दिवशी वाहतूक सुरू झाली. गाळा सुमारे ३० मीटर, बीड सुमारे ३७८ टन. सांधे पाहावेत तर सुताराचे: एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, वर पाचर. आणि आकार कमानीचाच का, याचं उत्तर पुन्हा तव्यात आहे. बीड दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. कमानीत भार दाबाच्या रूपानेच खाली उतरतो. ‘लोखंडी पूल’ म्हटलं की हे कारणच वाचकाला दिसत नाही. म्हणून माझा ‘बीड’साठी आग्रह आहे.

नावाचं म्हणाल तर ‘कोल’ म्हणजे कोळसा हा समज अगदी स्वाभाविक आहे, पण ती लोकव्युत्पत्ती. मध्ययुगीन नोंदीत नाव ‘काल्डेब्रोक’ असं येतं, म्हणजे थंड ओढा. ‘डेल’ म्हणजे खोरं. तेव्हा हे थंड ओढ्याचं खोरं. पुढे कोळशानेच गाव गाजलं आणि उच्चार त्या बाजूला झुकला, हे मला फार विलक्षण वाटतं.

लिहिताना एक जपा. धातूचं नाव नपुंसकलिंगी सामान्यनाम, त्याचं सामान्यरूप होतं: बिडाचा पूल, बिडाची भांडी. ‘बीडचा पूल’ लिहिलंत तर वाचक थेट मराठवाड्यात पोचेल. पुलाशेजारी वाढलेल्या वस्तीचं नाव मात्र ‘आयर्नब्रिज’ असंच ठेवा, ते विशेषनाम आहे.