झोआ फिकट पडतायत म्हणून लाईट वाढवू नका

"नवीन एलईडी बसवून नऊ दिवस झाले, झोआ फिकट पडतायत, लाईट अजून वाढवू का?" खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या झोआंबद्दल (झोआ म्हणजे खडकाला चिकटून वाढणारे, फुलांसारखे दिसणारे छोटे प्रवाळ) तुमचा हा प्रश्न वाचला आणि सहा वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. खारेपणा, नायट्रेट वगैरे बघितलंच असेल, त्यात शिरत नाही. (फक्त नायट्रेट अगदी शून्य असेल तर तेही सांगा, त्यानेही रंग उडतो.)

माझा तीन फुटी टँक. चार टी-५ (बारीक फ्लुरोसंट) ट्यूब काढून १६५ वॉटचा एलईडी टांगला, निळा आणि पांढरा, दोन्ही चॅनल शंभर टक्क्यांवर. पहिले चार दिवस पाण्यात काय लखलखाट! आठव्या दिवशी हिरवे झोआ पांढुरके, मशरूम प्रवाळ आक्रसून खडकाला चिकटलेले. दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला, "वॉट कमी पडतायत, फिक्स्चर खाली घ्या." मलाही पटलं. कुंडीतलं झाड अंधारात पिवळं पडतं, तसंच हे असणार. वीस सेंटिमीटरवरून दहावर आणला. पाच दिवसांत मधली चाळीसेक पॉलिपची (झोआच्या एकेका 'फुला'ची) कॉलनी वितळून गेली. कपारीखाली सावलीत होते तेवढे पॉलिप मात्र हिरवेगार. उत्तर डोळ्यांसमोर होतं आणि मी दुकानदाराचं ऐकत बसलो.

प्रवाळ झाडासारखं वागत नाही. त्याच्या अंगात राहणारं शैवाल त्याला अन्न पुरवतं. उजेड फार झाला की तेच शैवाल विषारी द्रव्यं सोडू लागतं, मग प्रवाळ त्याला हाकलून देतं, म्हणून फिकट. उजेड कमी पडला तर उलट होतं: रंग तपकिरी होतो, झोआ माना लांब करून वर येतात. तुमचे लांब झालेत का, आखूड? मला वाटतं आखूडच असतील.

आणि मोबाईलवर उजेड मोजणारं लक्सचं ॲप वापरत असाल तर ते काढून टाका. लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठीचं माप आहे, निळा उजेड त्यात फार कमी धरला जातो. आपला लाईट बहुतेक निळाच, म्हणजे ॲप म्हणणार "कमी आहे" आणि तुम्ही वाढवत बसणार. कुणाकडून तरी पाण्यात बुडणारा पार मीटर (शैवालाला उपयोगी पडणारा उजेड मोजतो तो) दोन दिवसांसाठी मागून आणा. मी आणला तेव्हा मधल्या खडकावर ३८० आकडा आला, कोपऱ्यात ६०. झोआ-मशरूमला ५० ते १२० भरपूर झाले, लेदर प्रवाळाला थोडं जास्त चालतं. पूर्ण टँकला एकच आकडा नसतो, हे वॉट विकणाऱ्यांना कोण सांगणार!

मी नंतर निळा ३० टक्क्यांवरून सुरू केला, आठवड्याला पाच टक्के वाढवत ६० वर थांबलो, पांढरा १५ वर, रोज आठ तास. तुमचं फिक्स्चर वेगळं, लेन्स वेगळी, त्यामुळे माझे टक्के उचलू नका, पद्धत उचला. दगडी प्रवाळाबद्दल मला विचारू नका. मी ठेवलेलं नाही, आणि आपल्याकडे ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

ठाण्याच्या मे महिन्यात पाणी तिशीला टेकतं, म्हणून माझा लाईट दुपारी दोनला लागतो आणि रात्री दहाला जातो. लाईट जास्त वेळ उन्हं उतरल्यावरच चालतो, ऑफिसातून आल्यावर टँक बघायलाही मिळतो. फिक्स्चरचा पंखा महिन्याला ब्रशने साफ करा, मीठ बसतं. माझा जाम झाला तेव्हा सर्व्हिस सेंटरने "खाऱ्या हवेने खराब झालाय" म्हणून वॉरंटी नाकारली. खोक्यावर प्रवाळाचा फोटो छापलाय, तो काय गोड्या पाण्यातला होता? असो.

आज रात्रीच कमी करा. आणि पुढचा फोटो पाच मिनिटं पांढरा चॅनल लावून काढा, निळ्यात सगळंच हिरवंगार दिसतं.