वाचकांचे प्रश्न : उसाचा दर, सहकार आणि दिल्लीचा अधिकार

प्रश्न : सहकार हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे, असे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. पण उसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) दिल्लीत ठरते, सहकार मंत्रालयही आता दिल्लीत आहे, आणि काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात दूध संघ ‘मल्टिस्टेट’ (बहुराज्य) करण्यावरून सभासदांत केवढा वाद झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. केंद्राच्या अधिकाराला काही मर्यादा उरली आहे की नाही?
– एक ऊसउत्पादक सभासद, कागल तालुका (जि. कोल्हापूर)

उत्तर : मर्यादा आहे, आणि ती नेमकी कोठे आहे हे सहकाराविषयीच्याच एका निकालाने स्पष्ट झाले आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, ३२व्या नोंदीखाली, सहकारी संस्था राज्यांकडे सोपवलेल्या आहेत. संसदेने २०११ मध्ये ९७वी घटनादुरुस्ती मंजूर करून संचालकांची कमाल संख्या, त्यांची मुदत, निवडणुका आणि लेखापरीक्षण यांविषयीचे नियम थेट घटनेत घातले. संचालक मंडळांच्या मनमानीला आळा बसावा हा त्यामागचा हेतू मला योग्यच वाटतो. परंतु राज्यांच्या कायदे करण्याच्या अधिकाराला मुरड घालणाऱ्या अशा दुरुस्तीला अनुच्छेद ३६८ नुसार किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते, आणि ती घेतलीच गेली नव्हती. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये याच कारणावरून, राज्यांतर्गत संस्थांपुरता, तो भाग अवैध ठरवला. नियम चांगले की वाईट हा प्रश्नच तेथे नव्हता. ज्यांना विचारायला हवे होते त्यांना विचारले नाही, एवढेच पुरेसे ठरले.

मल्टिस्टेटची गोष्ट मात्र वेगळी आहे. एकापेक्षा अधिक राज्यांत कार्यक्षेत्र असलेल्या संस्था केंद्रसूचीतील ४४व्या नोंदीखाली येतात, त्यामुळे संस्थेने सीमेपलीकडील कर्नाटकातील गावे कार्यक्षेत्रात घेऊन तशी नोंदणी केली की ती राज्याच्या सहकार कायद्यातून बाहेर पडते आणि दिल्लीतील केंद्रीय निबंधकाच्या अखत्यारीत जाते. शिवाय बहुराज्य सहकारी संस्था कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर राज्यातील संस्थेला, सभेत उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सभासदांच्या ठरावाने, एखाद्या बहुराज्य संस्थेत विलीनही होता येते. येथे केंद्राने काही हिसकावून घेतलेले नसते. सभासदांच्याच ठरावाने अधिकार हलतो. म्हणून वार्षिक सभेच्या नोटिशीत ‘पोटनियम दुरुस्ती’ (म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांत बदल) असा विषय दिसला, तर अहवालाच्या मागच्या पानांवर बारीक टाइपात छापलेला जुना आणि नवा मजकूर शेजारी ठेवून जरूर वाचावा, आणि ‘मंजूर, मंजूर’च्या घोषात तो विषय जाऊ देऊ नये.

आता एफआरपी. हा दर केंद्र सरकार अत्यावश्यक वस्तू कायद्याखालील १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला गेला. पण तो किमान दर आहे. त्याहून अधिक दर ठरवण्याचा अधिकार राज्यांना आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २०२० मध्ये सांगितले, आणि उत्तर प्रदेश, पंजाब व हरियाणा ही राज्ये तो अधिकार वापरतातही. महाराष्ट्र तो वापरत नाही. तो वापरावा की नाही, यावर मतभेद असू शकतात, कारण जादा दराचा भार शेवटी सभासदांच्याच कारखान्यावर पडतो. परंतु त्याचा दोष दिल्लीच्या माथी मारता येणार नाही. उलट, २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली, तेव्हा ऊस गाळपाला गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याची केंद्रीय आदेशातील तरतूदच शेतकऱ्याच्या उपयोगी पडली, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्याचा तो निर्णय रद्द केला. एकरकमी एफआरपीसाठी रस्त्यावर उतरलेल्या आपल्या भागातील शेतकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : केंद्र दुबळे झाले तर देश फुटेल, म्हणून घटनाकारांनी ते बलवान केले, असे आम्हाला शिकवले जाते. मग केंद्राचे अधिकार मर्यादित करण्याची मागणी देशाच्या एकतेच्या विरोधात जाते का?
– राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही. घटना तयार होत असताना फाळणीचा रक्तपात चालू होता आणि संस्थानांचे विलीनीकरण व्हायचे होते. आपले कोल्हापूर संस्थानच १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्या काळातील भीती खरी होती. पण त्या भीतीपोटी दिलेल्या अधिकारांचा पुढे राज्य सरकारे पाडण्यासाठीही वापर झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने राष्ट्रपती राजवटीला न्यायालयीन तपासणीच्या कक्षेत आणले. त्या निकालानंतर देश फुटला नाही. सरकारला बहुमत आहे की नाही हे राजभवनात न ठरता विधानसभेच्या सभागृहात ठरू लागले, आणि त्याने राज्यांतील मतदारांचा घटनेवरचा विश्वास वाढलाच.

माझ्या मते आज सर्वांत मोठी उणीव अनुच्छेद ३ मध्ये आहे. राज्याची सीमा बदलायची किंवा राज्याचे विभाजन करायचे, तर संबंधित विधानसभेचे मत केवळ मागवावे लागते. ते मानण्याचे बंधन संसदेवर नाही. सहकारी संस्थेच्या संचालकांची संख्या ठरवायला निम्म्या राज्यांची मान्यता लागते, आणि खुद्द राज्याचे विभाजन त्याच्या विधानसभेच्या विरोधाला न जुमानता साध्या बहुमताने होऊ शकते, ही विसंगती दूर करण्यासाठी तेथे संबंधित विधानसभेच्या संमतीची अट घातली पाहिजे.