ताई, केंब्रिजला जायचंय: वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की ‘मुलाकडे लंडनला चाललोय’ अशी पत्रं येतातच, पण या वेळी केंब्रिजबद्दलच इतक्या जणांनी विचारलंय की हे अख्खं सदर त्यालाच देऊन टाकतेय.

ताई, मुलगा लंडनला नोकरीला आहे, मेमध्ये आम्ही दोघं जातोय. एक दिवस केंब्रिज बघायचं मनात आहे, पण ह्यांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. त्यात मुलगा म्हणतो मेमध्ये कॉलेजं बंद असतात, जाऊच नका. काय करावं? – एक वाचक, मुलुंड

जायचंच! मुलगा म्हणतोय ते अर्धं खरं आहे. साधारण एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत तिथे परीक्षांचे दिवस असतात, बरीचशी कॉलेजं तेव्हा पाहुण्यांना आत सोडत नाहीत, गेटवर तशी पाटीच लावलेली असते, आणि ते बरोबरच आहे, घरात बारावीचं पोर असलं की आपण नाही का शेजारच्यांना टीव्ही बारीक करायला सांगत. पण केंब्रिज म्हणजे एक गेट आणि एक कंपाउंड असं नाहीये, 31 कॉलेजं गावभर पसरलीत, आणि गाव तर कुणी बंद करत नाही. किंग्ज कॉलेजचं चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर, परीक्षेच्या दिवसांतही बघता येतं, म्युझियम चालू असतात, नदीकाठ आहेच. निघण्याआधी कॉलेजच्या वेबसाइटवर त्या दिवसाच्या वेळा तेवढ्या बघून घ्या.

जायला सगळ्यात सोपी ट्रेन. किंग्ज क्रॉसवरून फास्ट गाडी पकडलीत तर पन्नासेक मिनिटांत केंब्रिज, लिव्हरपूल स्ट्रीटवरूनही गाड्या आहेत पण त्यांना सव्वा तासाच्या आसपास लागतो, मुलाचं घर त्या बाजूला असेल तरच त्या घ्या. सकाळची ऑफिसची गर्दी ओसरल्यावर निघा म्हणजे ऑफ-पीक तिकीट मिळेल, आणि मुलगा बरोबर असेल तर तुम्ही तिघं होता, तीन ते नऊ जण एकत्र असले की ग्रुपसेव्ह नावाची सवलत मिळते, एक तृतीयांश पैसे कमी, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. उतरताना पाटी नीट वाचा, केंब्रिज नॉर्थ हे वेगळं स्टेशन आहे. आणि मुख्य स्टेशनसुद्धा गावाच्या मधोमध नाहीये, चालत पंचवीसेक मिनिटं लागतात, तेव्हा ह्यांच्या गुडघ्यांसाठी स्टेशनबाहेरूनच बस घ्या, शक्ती तिथे घालवू नका.

आता माझं कळकळीचं सांगणं, एका दिवसात आठ कॉलेजं ‘करायची’ यादी घेऊन जाऊ नका. आत जायला एकच जागा निवडा आणि तिथे वेळ काढा, बाकीचं बाहेरून. तुमच्यासाठी ती जागा किंग्जचं चॅपल. 1446 मध्ये सहाव्या हेन्रीने काम सुरू केलं, मध्ये यादवी युद्धं झाली, राजे बदलले, पैसे संपले, आणि डोक्यावरची ती दगडी पंख्यांची कमान 1512 ते 1515 या तीनच वर्षांत जॉन वॅस्टेल नावाच्या गवंड्याने पुरी केली. या प्रकारचं जगातलं सगळ्यात मोठं छत आहे ते. खुर्चीवर बसा आणि मान वर करून निवांत बघा, ह्यांना उभं राहायचीही गरज नाही. मग मधला काळपट लाकडी पडदा जवळून बघा, त्याच्या कोरीवकामात एच आणि ए ही अक्षरं गुंफलेली सापडतील, म्हणजे आठवा हेन्री आणि अ‍ॅन बोलीन. 1536 मध्ये त्याने तिचं डोकं उडवलं, अक्षरं मात्र कुणी काढली नाहीत.

तिकीट महाग आहे हे खरं, त्यामुळे एक मार्ग सांगते. कॉलेजची टर्म चालू असताना संध्याकाळी तिथे इव्हनसाँग असतं, गायनाची प्रार्थना, तिला तिकीट नाही, कुठल्याही धर्माचा माणूस जाऊन बसू शकतो, फक्त फोन बंद आणि फोटो नाही. थोडं आधी जाऊन रांगेत उभं राहा. पोरांचे ते आवाज त्या छताला लागून खाली येतात ना, त्याच्यासाठी परतीची गाडी उशिराची घेतलीत तरी चालेल, मेमध्ये तसाही रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो.

ग्रेट सेंट मेरीज चर्चचा टॉवर वगळा, 123 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. आणि सोमवार टाळा, फिट्झविल्यम म्युझियम बंद असतं, एरवी प्रवेश फुकट आणि बसायला जागाही भरपूर.

मी निवृत्त गणित शिक्षक. रँग्लर परांजप्यांचं नाव लहानपणापासून ऐकत आलो. त्यांच्या केंब्रिजमध्ये नेमकं काय बघावं? नात बरोबर आहे, तिला भौतिकशास्त्रात रस आहे. – एक वाचक, गिरगाव

सर, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. आधी किंग्जच्या शेजारच्या सेनेट हाउससमोर उभे राहा, पांढऱ्या दगडाची, खांबांची इमारत, आत सोडत नाहीत पण रेलिंगमधून स्वच्छ दिसते. गणिताच्या ट्रायपॉसचे, म्हणजे केंब्रिजच्या पदवी परीक्षेचे, निकाल तिथे जाहीर व्हायचे. पहिल्या वर्गात येणारे सगळे रँग्लर, आणि त्यांत पहिला तो सीनियर रँग्लर. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये सीनियर रँग्लर झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. 1909 नंतर क्रमांक जाहीर करणं बंद झालं, पण परीक्षक पहिल्या आलेल्याचं नाव वाचताना डोक्यावरची टोपी किंचित उचलतात, त्यावरून कळणाऱ्याला कळतं. नातीला हे तिथेच उभं राहून सांगा.

मग परांजप्यांचं कॉलेज, सेंट जॉन्स. तुम्हाला आत जायला एकच कॉलेज निवडायचं असेल तर मी किंग्ज सोडून हे सांगेन, आणि त्याला आणखी एक कारण आहे. तिथलं चॅपल जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी बांधलंय, 1869 मध्ये ते पुरं झालं, आणि त्याच वर्षी इकडे फोर्टात त्यांच्याच आराखड्यावर आपल्या राजाबाई टॉवरची पायाभरणी झाली! स्कॉट स्वतः मुंबईला कधी आलेच नाहीत. ओव्हल मैदानावरून आयुष्यभर टॉवर बघितलेल्या माणसाने त्या चॅपलचा टॉवर एकदा डोळे भरून बघावा असं मला मनापासून वाटतं.

शेजारीच ट्रिनिटी, न्यूटनचं आणि रामानुजनचं कॉलेज. गेटच्या बाजूला हिरवळीवर सफरचंदाचं झाड आहे, न्यूटनच्या गावच्या झाडाचा वंशज, रस्त्यावरूनच दिसतं. गेटवर आठव्या हेन्रीचा पुतळा आहे, त्याच्या हातात राजदंडाऐवजी खुर्चीचा पाय आहे, नातीला शोधायला लावा. आतली रेन लायब्ररी ठरावीक वेळातच उघडते, तिच्या संग्रहात न्यूटनची स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केलेली प्रिन्सिपिया या त्याच्या गाजलेल्या ग्रंथाची प्रत आहे, आणि रामानुजनची जी पानं हरवली असंच सगळे धरून चालले होते ती 1976 मध्ये इथल्याच कागदपत्रांत सापडली.

भौतिकशास्त्रवाल्या नातीसाठी अजून एक. जयंत नारळीकर 1957 मध्ये शिकायला गेले ते फिट्झविल्यम हाउसला, आणि ते तेव्हा ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर होतं, फिट्झविल्यम म्युझियमच्या बरोबर समोर. कॉलेज नंतर गावाच्या उत्तरेला हललं, त्यामुळे लोक तिकडे शोधत जातात, पण नारळीकर विद्यार्थी म्हणून आले ती जागा ही. त्याच रस्त्याच्या दोन्ही कडांना दगडी पन्हळीतून पाणी वाहतं, चारशे वर्षं जुनी सोय आहे ती, गावाला पाणी आणायची. मोबाइलमध्ये बघत चाललात तर पाय आत जाईल.

बोटीत बसायला बरेच पैसे घेतात म्हणे. घ्यावी का? – एक वाचक, डोंबिवली

घ्या, पण नावाडी असलेलीच घ्या, साधारण पाऊण तासाची फेरी असते. स्वतः बांबू मारायला गेलात तर तो चिखलात रुततो आणि बोट पुढे जाते. किंग्ज परेडवर तिकीटवाले मागे लागतात, त्यांच्याकडून लगेच घेऊ नका, आधी ऑनलाइन भाव बघा. कॉलेजांच्या मागच्या बाजू खऱ्या अर्थाने पाण्यावरूनच दिसतात. क्लेअर कॉलेजच्या पुलाच्या कठड्यावर दगडी गोळे आहेत, त्यातल्या एकातून कलिंगडाची फाक काढावी तसा तुकडा कापलेला आहे, तो बघा. पुढे लाकडी मॅथेमॅटिकल ब्रिज येतो, तो न्यूटनने बांधला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पूल 1749 चा आणि न्यूटन 1727 मध्येच गेले होते. गुडघे फारच दुखत असतील तर बोट काठापेक्षा खाली असते, उतरताना त्रास होतो, त्यापेक्षा गॅरेट हॉस्टेल ब्रिजवर उभे राहा, तो सगळ्यांना खुला आहे.

आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. जेवणाचं कसं? – एक वाचक, दादर

अडचण येत नाही. मधल्या बाजाराच्या चौकात खाण्याचे स्टॉल असतात, सिडनी स्ट्रीटवर सेन्सबरीज आहे, तिथे पाकिटावर व्हेज आणि व्हीगन स्पष्ट लिहिलेलं असतं, अंडं नको तर व्हीगनच उचला. दशम्या आणि कोरडी चटणी नेलीत तर ट्रेनमध्ये किंवा पार्कर्स पीसच्या मैदानात बसून खाता येतात. पाणी विकत घेऊ नका, बाटली न्या, नळाचं पाणी तिथे सरळ पितात.