आधीच्या मालकाने गाडी लोअर केली, आरटीओची नोटीस मात्र मला

प्रश्न : १९७१ साली नोंदलेली फियाट ११०० डिलाइट मी तीन वर्षांपूर्वी विकत घेतली. आधीच्या मालकाने पुढच्या स्प्रिंगा कापून आणि मागे अॅक्सल व पाट्या (लीफ स्प्रिंग) यांच्यामध्ये ब्लॉक टाकून ती लोअर केली, म्हणजे तिची उंची कमी केली होती. तपासणीत निरीक्षकांनी तसा शेरा मारला. आता ‘नोंदणी का निलंबित करू नये’ अशी नोटीस आली आहे. मी स्वतः काहीच बदललेले नाही. पुढे गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायचीही इच्छा आहे. काय करावे?

उत्तर : ‘मी बदल केला नाही’ हा मुद्दा खरा असला तरी तो तुम्हाला अर्धेच संरक्षण देतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८२-ए(४) मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण ती बदल करणाऱ्या मालकाला. खरेदीचा करारनामा, ताबा घेतानाचे फोटो, आधीच्या मालकाशी झालेले मेसेज हे सगळे जपून ठेवा.

तुमची नोटीस मात्र नोंदणी निलंबनाच्या कलम ५३ खालची आहे. तिथे बदल कोणी केला हे गौण ठरते. गाडी आज रस्त्यावर धोकादायक आहे का, किंवा ती कायद्याच्या आणि नियमांच्या अटींत बसते का, हे पाहिले जाते.

गाडीतल्या बदलांविषयीच्या कलम ५२ वर वाद घालता येईल. उंची किती मिलिमीटर कमी केली तर चालते असा आकडा त्यात नाही, आणि ‘बदल’ म्हणजे गाडीचे मूलभूत वैशिष्ट्य पालटणारा रचनेतला बदल, असे स्पष्टीकरण आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात (२०१९) उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांबाबत कडक भूमिका घेतली आहे. तुमच्या जागी मी या वादात शिरणार नाही, कारण कापलेली स्प्रिंग खरोखरच धोक्याची असते. गॅसकटरने कापली असेल तर त्या टोकाचे पाणी उतरते, म्हणजे पोलादाचा कणखरपणा जातो. शिवाय लांबी कमी झाल्यामुळे चाक खड्ड्यात लोंबकळले की स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. निरीक्षकांचे म्हणणे इथे रास्त आहे.

म्हणून आधी दुरुस्ती. पुढे मूळ लांबीच्या आणि मूळ जाडीच्या तारेच्या नव्या स्प्रिंगा जोडीनेच बसवा. कापलेल्या स्प्रिंगेखाली स्पेसर देऊन उंची भरून काढू नका. मागचे ब्लॉक काढले की त्यांच्यासाठी घातलेले लांब यू-बोल्टही बदलावे लागतात, नाहीतर आटे संपतात आणि नट पाट्यांवर पुरता आवळला जात नाही. पाट्यांतले एखादे पान काढले आहे का, हे मोजून घ्या. खाली बसलेल्या गाडीत बंप रबर आणि शॉक अॅब्सॉर्बर लवकर मार खातात, तेही तपासा. शेवटी अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत जुळवा.

मग सपाट जागी, रिकाम्या गाडीची, टायरमध्ये योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांत मोजा. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजू नका. गाडी थोडी पुढे-मागे ढकला, म्हणजे ती नीट बसते. टेप दिसेल असे फोटो काढा. बिलावर गाडीचा क्रमांक आणि बदललेल्या भागांची नावे लिहून घ्या. ‘सस्पेन्शन काम’ एवढ्यावर भागत नाही.

नोटिशीचे उत्तर मात्र दुरुस्तीसाठी थांबवू नका. खरेदीची तारीख, बदल आधीचा असल्याचा पुरावा, दुरुस्तीचे वेळापत्रक आणि फेरतपासणीची विनंती असे लेखी म्हणणे मुदतीत द्या आणि पोच घ्या. कलम ५३(१)(अ) खालचे निलंबन दोष दूर होईपर्यंतच टिकते. आदेश निघालाच तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येते. निलंबन सलग सहा महिने चालले तर कलम ५४ खाली नोंदणी रद्दही होऊ शकते, म्हणून चालढकल नको. दोष दूर होईपर्यंत गाडी चालवू नका. सदोष गाडीसाठी कलम १९० लागते. विमा कंपनीने स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडवण्याचाही धोका आहे.

व्हिंटेजसाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली हवीत; ती झाली आहेत. २०२१ च्या नियमांनुसार गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार चालत नाही. बोल्टने लावलेले भाग परत फिरवता येतात. खरी भीती मागच्या मडगार्डची आहे : टायर घासू नये म्हणून आतली कड ठोकून किंवा कापून घेतली असेल, तर तो बॉडी शेलचा प्रश्न होतो. चाक काढून बोट फिरवून पाहा आणि कड कापलेली आढळली तर अर्जाआधी पत्रा मूळ आकारात करून घ्या. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र व्हिंटेज नोंदणीनंतर रोजच्या वापराला ती काढता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच मुभा राहते. रोज तिनेच कामावर जात असाल तर सध्याच्या नोंदणीचेच नूतनीकरण करा.