बडोद्यात बोटी, आऊटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं) इंजिन आणि लाइफ जॅकेट विकायचं दुकान काढायचंय, राज्य सरकारचं डीलर लायसन्स लागतं का?

नाही लागत. गुमास्ता, जीएसटी, माल बाहेरून मागवणार असाल तर आयात-निर्यात कोड, बस्स. आणि हेच माझं दुखणं आहे म्हणून लिहायला बसलो.

1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट आला. त्यात बोट आहे, बांधणारा आहे, चालवणारा आहे, सर्व्हे, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स सगळं आहे, दुकानदार मात्र कुठेच नाही. गंमत बघा, मरीन व्हीएचएफ सेट, म्हणजे बोटीवरचा वायरलेस, काउंटरवर ठेवायचा तर वायरलेसवाल्यांचं डीलर लायसन्स काढावं लागतं, फ्लेअर, म्हणजे संकटात पेटवायचे इशाऱ्याचे दिवे, ठेवायचे तर स्फोटकांचे नियम आडवे येतात, पण ज्याच्या भरवशावर माणूस पाण्यात पडणार ते जॅकेट उद्यापासून बटाट्याच्या दुकानातही विका, कोणी विचारणार नाही.

मी आणि माझे साडू, आमचं भागीदारीत हेच दुकान होतं. तलावांचे ठेकेदार, रिसॉर्टवाले, थोडेफार मच्छीमार अशी गिऱ्हाइकं. एकदा एक रिसॉर्टवाला आला, शाळांच्या सहली येतात म्हणाला, जॅकेट पाहिजेत, सगळी एकाच मापाची, मोठ्यांची, म्हणजे कोणालाही घालता येतील, आणि भाव एवढा पाडून मागितला की त्या भावात नुसता फोमसुद्धा येत नाही. साडू लगेच तयार. दुसऱ्या एका पार्टीकडून सँपल आणलं, नारिंगी, चकाचक, शिट्टीबिट्टी लावलेली. मी शिवण थोडी उसवली तर आत थर्माकोलचे तुकडे. लेबलवर न्यूटनचा आकडा, म्हणजे जॅकेट किती जोराने तरंगवतं ते नाही, किती किलोच्या माणसासाठी ते नाही.

साडूंचा मुलगा तेव्हा दुसरी-तिसरीत, दुकानातच खेळत होता. त्याला ते जॅकेट घातलं, बकल लावले, पट्टे ओढता येतील तेवढे ओढले आणि खांद्याचे पट्टे धरून त्याला वर उचललं. जॅकेट वर आलं, पोरगं खाली सरकलं, हनुवटी गळ्यात अडकली आणि दोन्ही हात वर. त्याला मज्जा वाटली, पुन्हा करा म्हणाला. मी साडूंकडे बघितलं, तर साडू म्हणतात, "अहो भाऊराव, आपण दुकानदार, काठावर काय होतं त्याच्याशी आपला काय संबंध? तो मागतोय ते द्यायचं, आपण नाही दिलं तर तो सुरतेहून आणेल." त्या ऑर्डरवरून जे सुरू झालं ते भागीदारी मोडेपर्यंत गेलं, दिवाळीला येणंजाणंही थांबलं.

मग 18 जानेवारी 2024 ला बडोद्यातल्याच हरणी तलावात बोट उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. (त्या बोटीशी आमचा किंवा वरच्या गिऱ्हाइकाचा काही संबंध नाही, उगाच कोणी जोडू नये.) बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बऱ्याच मुलांच्या अंगात जॅकेटच नव्हतं. 1993 ची सूरसागर तलावातली बोट दुर्घटना आठवणारे लोक अजून आहेत गावात. दर वेळी ठेकेदार आणि बोट चालवणारा पकडायचा, आणि ते बरोबरच आहे, पण किती माणसं बसवायची ते न लिहिलेली बोट विकतं कोण, हे विचारायला काय जातं?

अमेरिकेत 20 फुटांखालच्या साध्या मोटरबोटीवर किती माणसं, किती वजन याची प्लेट लावलेलीच असावी लागते, ती काढून बोट विकता येत नाही. टेक्सासमध्ये तर बोटी विकायला राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचं डीलर लायसन्स लागतं, आऊटबोर्ड मोटरचं टायटलसुद्धा, म्हणजे मालकीचा कागद, बोटीपासून वेगळं. आपल्याकडे असं काही म्हटलं की लगेच "इन्स्पेक्टर राज" म्हणून ओरडतात, त्यात आमचे साडू पहिले. हप्ते वाढतील हे मलाही कळतं, तरी लायसन्स असावं, कारण ते रद्द होण्याची भीती सोडून दुसरी कुठलीच भीती दुकानदाराला वाटत नाही.

तुम्ही दुकान काढाच, पण मुलांची मापं वेगळी ठेवा, वजनाप्रमाणे. 50 न्यूटनवालं फक्त पोहता येणाऱ्यासाठी असतं, तलावाला 100 आणि समुद्राला 150 च्या खालचं दाखवूच नका. लेबल नसलेला माल परत पाठवा. आणि हौसेच्या किंवा खेळाच्या बोटीवर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी, मासेमारीच्या बोटीवर 5, म्हणून "बिल पर फिशिंग लखी आपो ने" (बिलावर फिशिंग लिहून द्या ना) म्हणणारे रोज येतील, त्यांना सरळ हात जोडा.

बाकी मी धंदा सोडून बराच काळ झाला, हरणीनंतर गुजरातमध्ये बोटींचे नियम कडक होत गेलेत, त्यामुळे पैसे घालण्याआधी गांधीनगरला मेरीटाईम बोर्डात एकदा लेखी विचारून घ्या. साडूंचं दुकान अजून चालू आहे. त्यांना विचारलंत तर म्हणतील काहीच लागत नाही, आणि कागदावर त्यांचं बरोबर आहे.