नारळाच्या सोडणांच्या खड्ड्यात बायोसर्फॅक्टंट (जिवाणूंनी बनवलेलं, पाण्याचा पृष्ठताण कमी करणारं द्रव्य) घातलं तर लवकर कुजतं का? किती घालावं?

बाटली आणून ओतणार असाल तर आधी आमच्या भावोजींचं ऐका. आमच्या फोंड्याच्या कुळागरात सोडणं, पोफळीच्या विऱ्या आणि काजूच्या बोंडांचा चोथा एकाच खड्ड्यात जातो. भावोजी पणजीहून आले, "सर्फॅक्टंट म्हणजे साबणच की" म्हणाले आणि भांड्यांच्या साबणाची अख्खी बाटली पाण्यात कालवून खड्ड्यावर रिकामी केली. फेसच फेस. गांडुळं कडेला पळाली. वर मलाच, "बघ, कसं भिजलं!" भिजलं खरं, पण पावसाळा सरला तरी सोडणं जशीच्या तशी. मायक्रोबायोलॉजी शिकलेली मी, पण जावयाला कोण बोलणार?

सोडणात लिग्निन, म्हणजे लाकडाला टणकपणा देणारं द्रव्य, भरपूर, त्यामुळे ते मुळातच चिवट. पाण्याचा पृष्ठताण 72 मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो. स्यूडोमोनास जिवाणूचं रॅम्नोलिपिड किंवा बॅसिलस जिवाणूचं सर्फॅक्टिन ही बायोसर्फॅक्टंटं तो 30च्या खाली-वर आणतात, मग पाणी मेणचट भागातही शिरतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सेल्युलेझ, म्हणजे सेल्युलोज तोडणारं विकर, लिग्निनला फुकट चिकटून वाया जातं, ते वाया जाणं कमी होतं. मे महिन्यात आपल्या किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या खनिज तेलाच्या डांबरी गोळ्यांतलं तेल जिवाणूंना मिळतं, त्यातही हीच द्रव्यं मदत करतात.

पण जास्त झालं की उलटतं. घन पदार्थ खाणाऱ्या जिवाणूंना त्याला चिकटून बसावं लागतं, आणि सर्फॅक्टंट त्यांनाच सोडवून काढतं. काही जिवाणू मरतात. उरलेले सोडण बाजूला ठेवून आधी सर्फॅक्टंटच खातात, तेच पचायला सोपं ना! रॅम्नोलिपिडचे मायसेल, म्हणजे रेणूंचे पुंजके, मिश्रणानुसार लिटरला साधारण 10 ते 200 मिलिग्रामपासून बनू लागतात. हा आकडा साध्या पाण्यातला. खड्ड्यात बरंचसं सोडणालाच चिकटतं, म्हणून डोस विचारू नका. सोडणं बारीक करा, शेण घाला, ओल आणि हवा सांभाळा. जिवाणू आपलं सर्फॅक्टंट आपणच बनवतात.

ट्वीन-80 सारखी सौम्य कृत्रिम द्रव्यंही प्रयोगांत उपयोगी पडली आहेत, हे मान्य. भांड्यांचा साबण त्यातला नव्हे, हे भावोजींनीही वाचावं. आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा घरी वाढवायच्या भानगडीत पडू नका, जखमेत गेला तर महागात पडेल.