आंतरकोन समान घ्यायचे की बेरीज १८० करायची?

तुम्ही दिलेल्या गणितात समांतर रेषांच्या मधले, छेदिकेच्या (दोन्ही रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या) एकाच बाजूचे कोन (३क्ष + १०)° आणि (२क्ष + २०)° आहेत. ते तुम्ही समान मानले म्हणून क्ष = १० आला. हे आंतरकोन आहेत, त्यांची बेरीज १८०° होते: ५क्ष + ३० = १८०, म्हणजे क्ष = ३०. कोन १०० आणि ८० अंशांचे.

समान कधी? संगत कोन (दोन्ही छेदनबिंदूंपाशी एकाच जागी असलेले) आणि व्युत्क्रम कोन (छेदिकेच्या विरुद्ध बाजूंचे). मी मुलांना नेहमी सांगते, वरची रेषा छेदिकेवरून अलगद खाली सरकवा. ती खालच्या रेषेवर तंतोतंत बसते, म्हणून संगत कोन जुळतात. बाकीचं यातूनच निघतं, वेगळं पाठ करायला नको: संगत कोनाचा विरुद्ध कोन घेतला की व्युत्क्रम कोन मिळतो, आणि त्याच संगत कोनाशी रेषीय जोडीत असलेला (म्हणजे शेजारचा, त्याच्यासह सरळ रेषा करणारा) कोन म्हणजे आपला आंतरकोन. म्हणून १८०.

आकृतीत एक कोन लघुकोन आणि दुसरा विशालकोन दिसत असेल तर समान लिहूच नका. आकृती साधारण बरोबर काढलेली असली की एवढ्या नजरेनेही चूक टळते. आणि रेषा समांतर असल्याचं गणितात दिलंय ना, ते आधी बघा. तसं नसेल तर यातलं काहीच लागू नाही.